विश्लेषण : भरतीच्या तयारीत ‘सुटीचा वार’ का हवा?

पोलीस भरतीची नुसती कुणकुण लागली तरी वर्धा जिल्ह्यातील रस्ते पहाटे साडेचारलाच जागे होतात. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणारा रस्ता असो, हिंगणघाट, देवळी, आर्वी, पुलगावची मैदाने असोत की गावाबाहेरची पांदण, अंधारातच मुला-मुलींची धाव सुरू होते. त्यांच्या जिद्दीबद्दल वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो वेळापत्रकाबद्दल. सोमवारी धावणे, मंगळवारी धावणे, रविवारी तर कॉलेज नाही म्हणून दुप्पट धावणे, असे सातही दिवस सारखेच जातात. ‘एक दिवस बसलो तर मागे पडू’ ही भीती त्यामागे असते. प्रत्यक्षात याच भीतीपोटी अनेक जण ऐन मैदानी चाचणीच्या तोंडावर नडगी धरून घरी बसतात. नियमित व्यायामात विश्रांतीचा दिवस हा आळस नसून तयारीचाच भाग आहे. तो का, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

भरतीच्या उमेदवारांनाच हा धोका अधिक का?

राज्यात २०२४ मध्ये झालेल्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभरच्या आसपास अर्ज. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. मुलींसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. किमान निम्मे गुण मिळवावे लागतात आणि त्यातूनही गुणानुक्रमे एका पदामागे दहाच उमेदवार लेखी परीक्षेला जातात. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत पार केले तर पूर्ण २० गुण मिळतात, त्यानंतर साडेपाच मिनिटांपर्यंत १८. काही सेकंदांवर दोन गुण आणि दोन गुणांवर पुढचे वर्ष ठरते.

त्यात वयाची अट आहे. खुल्या प्रवर्गासाठी २८ आणि मागास प्रवर्गासाठी ३३ वर्षे. भरती कधी निघेल हे ठरलेले नसते आणि निघाल्यावर मैदानाची तारीख हाती पडते तेव्हा फारसे दिवस उरलेले नसतात. ज्याला परीक्षेची तारीखच माहीत नाही, तो रोजच उद्या परीक्षा असल्यासारखा धावतो. वर्षभर सुस्त आणि जाहिरात आली की दोन महिने बेफाम, हा दुसरा प्रकार तर त्याहून घातक. घरची परिस्थिती बेताची, शेती कोरडवाहू, अकॅडमीचे शुल्क भरलेले, अशा मुलाला ‘आज थांब’ हे सांगणे सोपे नाही. पण न थांबण्याची किंमत त्यालाच सर्वांत जास्त मोजावी लागते.

ताकद वाढते ती धावताना की नंतर?

व्यायाम करताना शरीर बळकट होत नाही, उलट त्या वेळी ते थोडे मोडते. जोरात धावल्यावर, दंड-बैठका काढल्यावर किंवा गोळा फेकल्यावर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, स्नायूंमध्ये साठवलेली साखर संपत येते आणि मज्जासंस्थाही थकते. व्यायाम थांबल्यानंतर दुरुस्ती सुरू होते. शरीर केवळ आधीची स्थिती परत आणत नाही, पुढच्या वेळी तोच ताण सोसता यावा म्हणून थोडी जास्तीची बांधणी करते. दम वाढणे, वेळ कमी होणे, हात भरणे हे सगळे या जास्तीच्या बांधणीचे फळ आहे.

ही दुरुस्ती एका रात्रीत आटोपत नाही. पोटभर भाकरी, भात, वरण मिळाले तरी स्नायूंतील साखरेचा रिकामा झालेला साठा भरायला साधारण एक दिवस लागतो. जड व्यायामाने थकलेल्या एकाच स्नायूसमूहाला पुन्हा तेवढाच ताण देण्याआधी ४८ तासांचे अंतर ठेवावे, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचे गणित आणखी वेगळे आहे. जोरदार व्यायामानंतर पहिले दीड दिवस कंडरांमध्ये घडण्यापेक्षा झीज जास्त असते, भर पडू लागते ती त्यानंतर. रोज त्याच वेळी, तेवढ्याच जोराने धावणारा मुलगा झीज भरून येण्याआधीच पुन्हा झीज करतो. टाचेच्या वर किंवा गुडघ्याखाली महिनोन्‌महिने रेंगाळणारे दुखणे बऱ्याचदा येथून सुरू होते.

हाडांचा हिशेब वेगळा कसा?

भरतीच्या मुलांमध्ये ‘नडगी भरून येणे’ ही तक्रार ओळखीची आहे. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेले दुखणे ही पहिली पायरी. ते अंगावर काढून धावत राहिले, तर त्याच जागी हाडाला बारीक भेग पडू शकते. त्यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडणे नाही, मार लागणे नाही, तरी हाड तडकते.

हाड हे निर्जीव खांबासारखे नसते. ताण वाढला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवा, मजबूत भाग घालते. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते, भरणीला मात्र तीन महिने लागू शकतात. मधल्या काळात हाड तात्पुरते कमजोर असते. एकदम जोमाने सराव सुरू करणाऱ्याची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुखू लागते, त्याचे कारण हेच. मन तेव्हा सर्वाधिक उत्साहात असते, दम वाढलेला असतो आणि हाड मात्र भरणीच्या प्रतीक्षेत असते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि कंडरा मागून येतात. विश्रांतीचा दिवस हे अंतर सांभाळण्यासाठी आहे.

डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता, झिजलेले बूट, अंधारात दिसणार नाहीत असे खड्डे यांनी त्यात भर पडते. एकदा हाडाला भेग पडली की सहा ते आठ आठवडे धावणे बंद. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर ती दिसेलच असे नाही. त्यामुळे ‘एक्स-रे तर नॉर्मल आला’ म्हणून पुन्हा धावायला लागलेले उमेदवार दुखणे अधिक वाढवून घेतात. आठवड्याची एक सुटी वाचवण्याच्या नादात दोन महिने जातात, असा हा व्यवहार आहे.

लष्करे यातून काय शिकली?

हा प्रश्न नवा नाही आणि तो फक्त हौशी धावपटूंचाही नाही. लांबच्या कवायतीनंतर सैनिकांची पावले सुजून दुखतात, याची नोंद प्रशियाच्या सैन्यातील ब्रेइथाउप्ट या डॉक्टरने १८५५ मध्येच केली होती. तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. पुढे ते दुखणे म्हणजे पावलातील हाडांना पडलेल्या भेगा असल्याचे स्पष्ट झाले.

इस्रायलच्या लष्कराने नवसैनिकांमधील स्ट्रेस फ्रॅक्चर कमी करण्यासाठी सुमारे २५ वर्षे निरनिराळे उपाय करून पाहिले. त्याचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी : एकूण चालण्या-धावण्याचे प्रमाण कमी करणे आणि रात्री किमान सहा तास झोप सक्तीची करणे. या बदलांनंतर अशा दुखापतींचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले. कठोर प्रशिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या लष्कराला झोपेची सक्ती करावी लागली, ही बाब खाकी वर्दीचे स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याच्या प्रशिक्षकानेही लक्षात घेण्यासारखी आहे.

क्रीडाक्षेत्रातही अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘एक दिवस कठीण, एक दिवस हलका’ हे सूत्र रूढ केले. आज जगभरातील धावपटूंची वेळापत्रके याच पायावर उभी असतात.

एका दिवसाच्या सुटीने कमाई बुडते का?

नाही. दम आणि सहनशक्तीत जाणवण्याजोगी घट होण्यासाठी साधारण दहा दिवस ते दोन आठवडे व्यायाम पूर्ण बंद राहावा लागतो. ताकद त्याहून अधिक काळ टिकते. एक-दोन दिवसांत काहीच बुडत नाही.

उलट, चाचणीच्या आधी सराव कमी केल्याने वेळ सुधारते. मोठ्या स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांत धावण्याचा वेग तसाच ठेवायचा, मात्र एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणायचे, ही सरावलेल्या खेळाडूंची जुनी पद्धत आहे. त्यामुळे कामगिरीत साधारण दोन ते तीन टक्के सुधारणा होत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. भरतीच्या भाषेत याचा अर्थ काय? नियमित सराव असलेला एखादा उमेदवार १६०० मीटर ५ मिनिटे १५ सेकंदांत धावत असेल, तर त्याचे ३१५ सेकंद होतात. त्याचे दोन टक्के म्हणजे सहा सेकंद. तेवढे वाचले तर वेळ येते ५ मिनिटे ९ सेकंद आणि १८ ऐवजी २० गुण मिळतात. बहुतेक जण मात्र शेवटच्या आठवड्यात उलट करतात. रोज पूर्ण जोर लावून घड्याळ पाहतात आणि चाचणीच्या दिवशी जड पाय घेऊन मैदानावर उतरतात.

मग सुटीच्या दिवशी कापूस वेचला तर?

ग्रामीण वर्ध्यात खरी अडचण येथे आहे. शहरातल्या जिममध्ये ‘रेस्ट डे’ म्हणजे सोफ्यावर बसणे असेल, पण सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाला सराव नसलेल्या दिवशी शेतातली कामे सांगितली जातात. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरणे, हे सगळे शरीराच्या खात्यात श्रम म्हणूनच जमा होते. कमरेत वाकून दिवसभर कापूस वेचलेल्या मुलीने संध्याकाळी ८०० मीटरचा सराव केला, तर तो तिचा दिवसातला दुसरा व्यायाम ठरतो.

यावर ‘शेतात जाऊ नका’ हा उपाय होऊ शकत नाही. घरचे काम टळत नाही. मात्र हंगामाच्या दिवसांत शेतीचे श्रम हिशेबात धरून धावणे कमी करता येते. वेचणीचा दिवस हाच जड व्यायामाचा दिवस समजावा आणि पूर्ण आरामाचा दिवस वेगळा ठेवावा. रात्रपाळीत काम करणारे, सुरक्षारक्षक म्हणून राबणारे किंवा रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसून पहाटे चारला मैदान गाठणारे यांचीही हीच गत. चार तासांच्या झोपेवर केलेला सराव शरीराला पचत नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही घर तापलेलेच असते, तेव्हा झोप अपुरी होते आणि शरीराची बरीचशी शक्ती स्वतःला थंड ठेवण्यातच खर्च होते. अशा दिवसांत आठवड्याला एकाऐवजी दोन सुट्या घेणे शहाणपणाचे.

मुलींनी काय अधिक सांभाळावे?

राज्यातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून समोर आले आहे. हिमोग्लोबिन कमी असताना रोजचा कठोर सराव म्हणजे अर्ध्या इंधनावर गाडी पळवणे. वेळ सुधारत नाही, म्हणून मुलगी आणखी धावते आणि आणखी थकते. खाणे कमी व श्रम जास्त अशी तफावत राहिली की पाळी अनियमित होते किंवा बंद पडते. ‘धावते म्हणून होत असेल’ असे म्हणून घरात याकडे दुर्लक्ष होते. खरे तर हा हाडांसाठी धोक्याचा इशारा असतो, कारण त्यासोबत हाडांची घनताही घटू लागते. अशा वेळी लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवणे, रक्त तपासणे आणि सराव थांबवणे आवश्यक आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या जिल्ह्यात एका साध्या रक्त तपासणीवाचून कुणाचे वर्ष वाया जाऊ नये.

थांबण्याचे इशारे कोणते?

सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सतत जास्त येणे, झोप तुटणे, भूक मंदावणे, चिडचिड, वारंवार सर्दी-ताप आणि मेहनत तेवढीच असूनही वेळ वाढत जाणे, ही शरीर थकल्याची लक्षणे आहेत. अशा थकव्याकडे दुर्लक्ष केले तर तो सुधारायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात.

दुखण्यांतही फरक करता आला पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील आणि दोन-तीन दिवसांत ते कमी होत असेल, तर काळजीचे कारण नाही. मात्र एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, धावताना दुखणे वाढत असेल, पुढे चालताना किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवावे. वेदनाशामक गोळी घेऊन मैदान मारणे हा सर्वांत महागडा उपाय. गोळीने दुखणे दबते, भेग तशीच राहते. छातीत दुखणे, चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे या तक्रारी तर विश्रांतीच्याही पलीकडच्या. तेथे लगेच डॉक्टर गाठायलाच हवा. झारखंडमध्ये २०२४ साली उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावचाचणीदरम्यान दहापेक्षा अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यामागच्या कारणांबाबत निरनिराळे दावे झाले, पण नोकरीची घाई आणि शरीराची तयारी यांतील दरी किती जीवघेणी ठरू शकते, हे त्या घटनेने देशाला दाखवले.

आठवडा कसा आखावा?

सर्वांना लागू पडेल असे एकच वेळापत्रक नाही, मात्र चौकट सांगता येते. आठवड्यात दोन दिवस जोराचे धावणे, त्यांच्यामध्ये किमान एक दिवसाचे अंतर. दोन दिवस गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने धावणे. दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि गोळाफेक, तेही सलग नकोत. उरलेला एक दिवस पूर्ण सुटीचा. त्या दिवशी थोडे चालणे, हलके ताण देणारे व्यायाम, सायकलवरून फेरफटका चालेल, घड्याळ लावून धावणे मात्र नाही. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा एकूणच हलका ठेवावा. रात्री सात-आठ तास झोप आणि सुटीच्या दिवशीही नेहमीसारखे जेवण हवे, कारण दुरुस्ती त्याच दिवशी चालू असते. ‘आज धावलो नाही, म्हणून अंडी-दूध नको’ हा हिशेब चुकीचा.

हनुमान टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मध्यमवयीन मंडळींना मात्र एक खुलासा आवश्यक आहे. रोजचे साधे चालणे शरीराला एवढे झिजवत नाही, ते रोज केले तरी चालते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवते. हिशेब आठवड्याचा आहे, रोजचा नाही, हे लक्षात घेण्याजोगे. पण जो आठवड्यातून एकदाच मैदानावर जातो, त्याने या लेखाचा आधार घेऊन सहा दिवस सुटी जाहीर करू नये. विश्रांतीचा हक्क श्रमातून येतो.

जबाबदारी एकट्या उमेदवाराची आहे का?

तसे मानणे अन्यायाचे ठरेल. वीस वर्षांचा मुलगा स्वतःहून थांबणार नाही, त्याच्या शेजारचा धावतो आहे तोवर तर नाहीच. म्हणून सुटीचा वार अकॅडमीच्या फलकावर लिहिलेला हवा. सातही दिवस मैदान चालू ठेवणे हे कडक शिस्तीचे लक्षण म्हणून मिरवले जाते. प्रशिक्षकाची खरी कसोटी शंभरातले किती जण चाचणीच्या दिवशी धडधाकट उभे राहिले, ही आहे. नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येकाला पहिले सहा-आठ आठवडे चढत्या क्रमाने सराव देणे हेही त्याच जबाबदारीत येते.

शासनाचीही बाजू आहे. भरतीचे ठरावीक वार्षिक वेळापत्रक आणि मैदानी चाचणीची पुरेशी आधी जाहीर केलेली तारीख या दोन गोष्टींनी जेवढ्या दुखापती टळतील, तेवढ्या कोणत्याही मलमाने टळणार नाहीत. तारीख माहीत असेल तर सराव वाढवता येतो आणि वेळेवर कमीही करता येतो. तालुक्याच्या ठिकाणी डांबरी रस्त्याला पर्याय म्हणून मातीची, उजेडाची सोय असलेली धावपट्टी मिळाली, तर अर्धे दुखणे तेथेच कमी होईल.

हे या मातीला नवे आहे, असेही नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांचे खांदे हळद आणि तूप-लोणी लावून शेकले जातात आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवले जात नाही. चपळ गवळाऊ बैलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याला कळते, की जनावराला सलग जुंपले तर ते ऐन हंगामात बसते. ज्या सेवाग्राममध्ये गांधीजींचे दिवसाचे प्रत्येक मिनिट ठरलेले असे, तेथेही सोमवारचा मौनाचा दिवस पाळला जाई. बैलाच्या खांद्याची काळजी घेणाऱ्या घराने आपल्या मुला-मुलीच्या नडगीचीही घ्यावी. येत्या रविवारी पहाटे साडेचारचा गजर न लावणे ही त्याची सोपी सुरुवात ठरेल.